पाहण्याचे वय आणि भोगण्याचे वय

चित्रपट ही एके काळी महानगराची आणि भांडवलाची कला होती. कॅमेरा भाड्याने आणावा लागे, कच्ची फिल्म महाग असे आणि ती धुण्यासाठी मुंबई-मद्रास गाठावी लागे. आज भंडारा, तुमसर, साकोली किंवा पवनी येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या खिशातील फोनमध्ये चित्रण, ध्वनिमुद्रण आणि संकलन या तिन्ही सोयी सामावल्या आहेत. उत्पादनाचे साधन इतक्या झपाट्याने सामान्यांच्या हाती आल्याची उदाहरणे सांस्कृतिक क्षेत्रात फारशी सापडणार नाहीत. परंतु साधन हाती आले म्हणजे माध्यम हाती आले असे होत नाही. चित्रपट काढणे आणि तो लोकांसमोर लावणे या दोहोंच्या मध्ये कायदा उभा आहे. आणि त्या कायद्याचा पहिला प्रश्न असा की, हा चित्रपट कोणत्या वयाच्या माणसाने पाहावा?

विद्यार्थी हा प्रश्न सहसा अगदी शेवटी विचारतात. पटकथा लिहून होते, चित्रण संपते, संकलन पुरे होते आणि मग कोणीतरी म्हणते, आता प्रमाणपत्राचे काय? तोवर उशीर झालेला असतो. जो चित्रपट दहावीच्या मुलांसाठी कल्पिला होता तो त्यांना दाखवता येत नाही असे ध्यानात येते, आणि मग कात्री हाती घ्यावी लागते. म्हणून वयाच्या खुणेचा विचार पटकथेच्या पहिल्या पानावरच झाला पाहिजे. मात्र हा केवळ नियोजनाचा भाग आहे असे समजणे चूक ठरेल. समाजातील कोणते सत्य मुलांच्या कानी कोणत्या वयात पडावे आणि ते कोणी ठरवावे, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. तो राजकीय आहे, आणि म्हणूनच कार्यकर्त्यांनी त्याची गंभीरपणे दखल घ्यावयास हवी.

प्रथम कायद्याची स्थिती. चित्रपटांवर नियंत्रण ठेवणारा पहिला कायदा १९१८ साली ब्रिटिश सरकारने केला. त्या सरकारला वसाहतीतील प्रजेने काय पाहावे याची चिंता होती. मुलांच्या वयाची चिंता नंतरची. प्रौढांसाठी वेगळे प्रमाणपत्र १९४९ च्या दुरुस्तीने आले. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने सर्वांसाठी 'यू' आणि अठरा वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी 'ए' ही विभागणी कायम केली. १९८३ साली या दोहोंच्या मध्ये 'यूए' हा वर्ग आला, डॉक्टरांसारख्या विशिष्ट व्यवसायगटांसाठी 'एस' आला, आणि सेन्सॉर मंडळाचे नाव बदलून ते केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ झाले. २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए'चे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पे केले, तर २०२४ साली नवे नियम लागू झाले. यातील एक भेद पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. 'यूए'च्या तिन्ही खुणा हा पालकांना दिलेला सल्ला आहे. त्या वयाखालील मुलाला दारात अडवण्याचा आदेश नव्हे. कायद्याने दार बंद होते ते फक्त 'ए' प्रमाणपत्राने. अठरा वर्षांखालील व्यक्तीला 'ए' चित्रपट दाखवणे हा अपराध आहे.

प्रमाणपत्र केव्हा लागते, हेही स्पष्ट असावे. वर्गात अभ्यासक्रमाचा भाग म्हणून प्राध्यापकांपुढे चित्रपट सादर करणे हे सार्वजनिक प्रदर्शन मानले जात नाही. चित्रपट महोत्सवांना ठरावीक अटींवर सरकारकडून सूट मिळू शकते. इंटरनेटवर टाकलेला लघुपट या कायद्याच्या कक्षेत येत नाही; मालिका-चित्रपट दाखवणाऱ्या इंटरनेट कंपन्यांसाठी २०२१ चे स्वतंत्र नियम आहेत आणि तेथे वयाची वर्गवारी कंपनीनेच करावयाची असते. पण गावच्या चौकात, सभागृहात किंवा गणेशोत्सवाच्या मांडवात पडदा लावून जो येईल त्याला चित्रपट दाखवायचा, तर ते सार्वजनिक प्रदर्शन ठरते आणि प्रमाणपत्र आवश्यक होते. ते नसेल तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. प्रबोधनाच्या उत्साहात हे विसरले जाते, आणि विरोधकाला आयते हत्यार मिळते.

या सगळ्या व्यवस्थेचा घटनात्मक पाया ज्या खटल्यात घातला गेला तो खटला एका लघुपटाचा होता, हे तरुण चित्रपटकारांनी जाणून घेण्यासारखे आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली या चार शहरांतील ऐश्वर्य आणि दारिद्र्य समोरासमोर ठेवणारा सोळा मिनिटांचा अनुबोधपट १९६८ साली काढला. मंडळाने त्याला 'ए' देण्याचे ठरवले. केंद्र सरकारकडे दाद मागितल्यावर उत्तर मिळाले ते असे की, मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्ये कापली तर 'यू' देऊ. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणी चालू असतानाच सरकारने माघार घेतली आणि काटछाट न करता 'यू' देण्याची तयारी दाखवली. तरीही मूळ प्रश्नावर न्यायालयाने १९७० साली निकाल दिला. निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश हिदायतुल्ला हे नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी आणि १९५४ पासून नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. भंडारा जिल्हा तेव्हा त्याच न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात होता.

निकाल दुधारी होता. प्रदर्शनापूर्वीची तपासणी आणि वयानुसार वर्गवारी या दोन्ही गोष्टी न्यायालयाने घटनेशी सुसंगत ठरवल्या. चलच्चित्राचा परिणाम छापील शब्दाहून अधिक थेट आणि तीव्र होतो, असे कारण दिले. परंतु त्याच वेळी न्यायालयाने असेही बजावले की, एखादा विषय अप्रिय आहे एवढ्यावरून कात्री चालवता येणार नाही. चित्रपटकाराने तो विषय कसा हाताळला आहे हे पाहावे लागेल. पुढे १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत चित्रपट समग्रतेने आणि त्याचा एकूण परिणाम ध्यानात घेऊन तपासावा, असे नमूद झाले. विषय वेगळा आणि हाताळणी वेगळी, हा भेद विद्यार्थी-चित्रपटकाराच्या हातातील सर्वांत मोठे शस्त्र आहे. वयाची खूण विषयावरून नव्हे तर हाताळणीवरून ठरली पाहिजे, असे तो कायद्याच्याच भाषेत म्हणू शकतो.

आता भंडारा जिल्ह्यातील दोन विषय घेऊन या भेदाची कसोटी पाहता येईल.

पहिला विषय विडीचा. तेंदूपत्ता आणि विडी यांवर या जिल्ह्यातील हजारो संसारांनी पिढ्यान्‌पिढ्या गुजराण केली आहे. विडी वळणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया. काम घरी, मजुरी नगावर. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, १९८६ च्या कायद्याने विडीच्या कामावर मुले लावण्यास बंदी आली; पण ओसरीवर आईशेजारी बसून पाने कातरणारी मुलगी कोणत्या निरीक्षकाच्या वहीत येणार? तिच्यावर लघुपट काढला तर त्यात हिंसा नाही, अश्लीलता नाही. तो सर्वांना पाहता येईल असाच होईल. मात्र २०१२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार पडद्यावर तंबाखूजन्य पदार्थ किंवा त्यांचे सेवन दिसले की आरोग्यविषयक इशारा दाखवावा लागतो. आरंभी आणि मध्यंतरी तीस सेकंदांचा संदेशही द्यावा लागतो. दहा मिनिटांच्या लघुपटात हा भार लहान नाही. म्हणून कोणते दृश्य खरोखर हवे याचा विचार पटकथेतच व्हावा. या इशाऱ्याला विरोध करण्याचे कारण नाही. तंबाखू घातकच आहे. पण इशारा विडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसाची चिंता करतो, विडी वळणारीच्या फुप्फुसाची आणि पाठीची करत नाही. ती चिंता चित्रपटाने करावयाची आहे.

दुसरा विषय अधिक दाहक आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे भोतमांगे या दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांना जमावाने हालहाल करून ठार मारले. शेतातून जाणाऱ्या वाटेचा वाद होता. एका मारहाणीच्या प्रकरणात घरातील स्त्रियांनी साक्ष दिली होती. आणि दलित कुटुंबाने आपल्या कष्टाने ताठ मानेने उभे राहणे गावातील वरचढांना सहन होत नव्हते. भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने २००८ साली सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१० साली फाशीचे रूपांतर पंचवीस वर्षांच्या कारावासात केले. अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लागू होत नाहीत, असा निष्कर्ष दोन्ही न्यायालयांनी काढला. ज्या गुन्ह्याचे नाव जात आहे असे अवघा महाराष्ट्र समजत होता, त्या गुन्ह्यातून जात कागदोपत्री वगळली गेली.

या घटनेवर भंडारा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी चित्रपट काढावयाचा ठरवला, तर तो कोणासाठी असेल? २००६ साली जन्मलेली मुले आता महाविद्यालयात आहेत. त्यांच्याहून लहान मुलांना खैरलांजी हे फक्त एका गावाचे नाव वाटण्याचा संभव आहे. ज्यांना हे सर्वाधिक सांगितले पाहिजे ती तेरा ते सतरा वर्षांची मुले आहेत. कारण याच वयात जातीचा अभिमान किंवा जातीची लाज मनात घट्ट बसते. आणि याच मुलांना 'ए' प्रमाणपत्र दारातून परत पाठवते. खैरलांजीत मारली गेलेली मुलगी शिकत होती. जे भोगण्यासाठी कोणी वयाचा दाखला मागितला नाही, ते समजून घेण्यासाठी मात्र वय पुरेसे नाही, असे तिच्या आजच्या वर्गभगिनींना सांगणे हा विपरीत न्याय झाला.

यावर कोणी म्हणेल, मग वयाची मर्यादाच नको. तसे नाही. लहान मुलाच्या मनावर क्रौर्याच्या दृश्याचा जो आघात होतो तो खरा असतो, आणि बाजारू चित्रपटाने हिंसेची जी चटक लावली आहे तीही खरी आहे. पीडितांच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. स्त्रीच्या विटंबनेचे तपशीलवार चित्रण हे तिची दुसऱ्यांदा केलेली विटंबना ठरू शकते. 'बँडिट क्वीन' चित्रपटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली त्याचे 'ए' प्रमाणपत्र कायम केले. विवस्त्र धिंडीचे दृश्य वासना चाळवण्यासाठी नसून पाहणाऱ्याच्या मनात घृणा आणि करुणा जागवण्यासाठी आहे, हा न्यायालयाचा तर्क योग्यच होता. पण त्या चित्रपटाने आपला प्रेक्षक प्रौढ आहे हे गृहीत धरले होते. ज्याला आपला प्रेक्षक शाळेत शोधायचा आहे, त्याने तोच अन्याय दुसऱ्या रीतीने सांगितला पाहिजे.

ती रीत मराठी चित्रपटाला अपरिचित नाही. नागराज मंजुळे यांनी तेव्हाच्या अहमदनगरात शिकत असताना 'पिस्तुल्या' हा लघुपट काढला. शाळेची ओढ असलेला पारधी मुलगा आणि त्याला चोरीकडे ढकलणारे दारिद्र्य एवढाच त्याचा ऐवज. त्या विद्यार्थी-लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे २०१३ च्या 'फँड्री'मध्ये रक्ताचे पाट नाहीत. डुक्कर धरण्यासाठी गावासमोर धावणारे कुटुंब आहे, हसणारे प्रेक्षक आहेत, आणि शेवटी भिरकावलेला एक दगड आहे. जातीची हिंसा प्रेताच्या चित्रणापेक्षा हसणाऱ्यांच्या चेहऱ्यांत अधिक स्पष्ट दिसते. खैरलांजीवरील चित्रपटालाही हे लागू आहे. बांध्यांतून जाणारी वाट, साक्ष देऊन परतणारी स्त्री, दिवे मालवून दारे लावून घेणारे गाव, तक्रार लिहून न घेणारे ठाणे, आणि चौकशीच्या वेळी काहीच न पाहिलेले शेजारी. यातून जे उभे राहील ते पंधरा वर्षांच्या मुलाला पाहता येईल आणि विसरता येणार नाही. त्यात क्रौर्य सौम्य होत नाही. त्या क्रौर्याची घडण उघडी पडते.

परंतु हाताळणीने सोडवता येत नाही अशी एक अडचण आहे, आणि तेथे सावध राहिले पाहिजे. कधीकधी मंडळाचा आक्षेप दृश्याला नसतो, शब्दाला असतो. महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्यावरील 'फुले' या हिंदी चित्रपटाला एप्रिल २०२५ मध्ये 'यू' प्रमाणपत्र मिळाले. पण महार, मांग, पेशवाई, मनूची जातिव्यवस्था यांसारखे उल्लेख काढण्यास वा बदलण्यास सांगण्यात आले. ११ एप्रिलला ठरलेले प्रदर्शन २५ एप्रिलवर गेले. कोणत्याही समाजगटाचा अवमान करणारे शब्द असू नयेत, असे मार्गदर्शक तत्त्व सांगते. ते तत्त्व दुर्बलांच्या रक्षणासाठी आहे. अपमान करणाऱ्याच्या तोंडचा शब्द आणि अपमान सोसणाऱ्याची ओळख यांतील फरक पुसला, तर तेच तत्त्व अपमान करणाऱ्याचे रक्षण करू लागते. जोतीरावांनी कोणासाठी शाळा काढली हे ज्या चित्रपटात उच्चारता येत नाही, तो मुलांना पाहण्यास 'योग्य' कसा? न्यायालयाच्या निकालातून खैरलांजीची जात वगळली गेली. चित्रपटातूनही ती वगळली गेली तर पुढच्या पिढीसाठी उरेल ती फक्त एका शेतवाटेच्या भांडणाची कथा.

म्हणून विद्यार्थ्याने आपल्यापुरता एक क्रम ठरवून घ्यावा. प्रथम सत्य, मग प्रेक्षक, आणि शेवटी प्रमाणपत्र. क्रौर्याचे दृश्य गाळून खूण खाली आणता येत असेल तर ती अवश्य आणावी. त्यात कलेचाही लाभ असतो. पण जात, वर्ग किंवा सत्ता यांची नावे गाळून ती खाली आणावी लागत असेल, तर तेराऐवजी सोळाची खूण स्वीकारावी आणि नावे ठेवावीत. सोळाची खूण दार बंद करत नाही, हे वर सांगितलेच आहे. पालकाने किंवा शिक्षकाने सोबत बसावे एवढीच तिची मागणी आहे, आणि अशा चित्रपटानंतर शिक्षकाने सोबत असणे इष्टच आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही विद्यार्थ्याची स्थिती व्यावसायिक निर्मात्याहून भक्कम आहे. व्यावसायिकाचे भांडवल अडकलेले असते. 'ए' मिळाले की कुटुंबासह येणारा प्रेक्षक जातो आणि दूरदर्शन वाहिन्यांचे उत्पन्न बुडते. मुंबईतील एका प्राध्यापिकेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने २००५-०६ च्या सुमारास दिलेल्या आदेशांनंतर 'ए' चित्रपट वाहिन्यांवर तसाच दाखवता येत नाही. म्हणून निर्माता मंडळाशी सौदा करतो आणि सौद्यात बहुधा आशय विकला जातो. विद्यार्थ्याला विक्रीच करावयाची नसेल तर असा सौदा करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. त्याची हानी पैशाची नसते, वर्गखोलीची असते. आणि ती टाळण्याचा मार्ग हाताळणीत आहे. शिवाय 'ए' म्हणजे अंत नव्हे. आनंद पटवर्धन यांच्या 'फादर, सन अँड होली वॉर' या अनुबोधपटाच्या पहिल्या भागाला 'यू' आणि दुसऱ्या भागाला 'ए' मिळाले होते. दूरदर्शनने तो नाकारला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तो दाखवण्याचा आदेश दिला. मात्र प्रमाणपत्र हे अभेद्य कवचही नव्हे. पटवर्धन यांच्याच 'राम के नाम'ला 'यू' प्रमाणपत्र असूनही २०१९ साली हैदराबाद विद्यापीठात त्याचा खेळ लावणाऱ्या विद्यार्थ्यांना पोलिसांनी ताब्यात घेतले. गुंडगिरीच्या धाकाने प्रमाणित चित्रपट थांबवता येणार नाही, त्याला संरक्षण देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच दिला होता. तो निकाल कार्यकर्त्याच्या पिशवीत असावा.

पडद्यासमोरच्या मुलाइतकाच पडद्यावरील मुलाचाही विचार व्हावा. चौदा वर्षांखालील मुलाकडून भूमिका करून घ्यावयाची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. दिवसात पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीविना सलग तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही. शाळा बुडता कामा नये. मूल लैंगिक अत्याचाराला बळी पडलेले असेल तर त्याची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. शोषणावर चित्रपट काढणाऱ्याने या नियमांकडे कटकट म्हणून पाहणे शोभणारे नाही. बैल किंवा डुक्कर यांच्याकडून काम करून घ्यावयाचे असेल तर प्राणिकल्याण मंडळाचे नियमही आधी पाहावेत.

आता व्यवस्थेच्या दोषांकडे वळले पाहिजे. पालकांचे मार्गदर्शन ही कल्पना सुस्थित मध्यमवर्गीय कुटुंबावर बेतलेली आहे. ज्या घरातील आईबाप रोवणीच्या दिवसांत पहाटे बांधीत उतरतात आणि हंगाम संपला की कामासाठी जिल्हा सोडतात, त्या घरी तेरा आणि सोळा यांतील फरक कोण समजावून सांगणार? झाडीपट्टीच्या नाटकाला आजीपासून मांडीवरच्या पोरापर्यंत सारे गाव रात्रभर एकत्र बसते. जेथे पाहणे हीच सामुदायिक क्रिया आहे तेथे मार्गदर्शनही सामुदायिक असले पाहिजे. ते शिक्षकाचे, ग्रंथालयाचे, ग्रामसभेचे आणि कार्यकर्त्याचे काम आहे. ब्रिटनचे मंडळ चित्रपटाला वयाची खूण देताना तिची कारणे थोडक्यात प्रसिद्ध करते. येथेही प्रत्येक खुणेमागचे कारण लोकांच्या भाषेत प्रसिद्ध व्हावे, ही मागणी अवास्तव नाही.

दुसरा दोष अंतराचा. मंडळाची देशात नऊ प्रादेशिक कार्यालये आहेत. महाराष्ट्रातील एकमेव मुंबईत, भंडाऱ्यापासून जवळजवळ नऊशे किलोमीटरवर. अर्ज २०१७ पासून संगणकावर करता येतो हे खरे. पण चित्रपट पाहणाऱ्या समितीत झाडीबोली जाणणारा, धानाच्या बांधीत उतरलेला किंवा विडी वळणाऱ्या घरात वाढलेला माणूस कितीदा असतो? नागपूरला कार्यालय आणि सल्लागार समितीत पूर्व विदर्भातील शिक्षक, श्रमिक आणि दलित-आदिवासी प्रतिनिधी ही मागणी प्रादेशिक अस्मितेची नाही. न्याय्य परीक्षणाची आहे. तिसरा दोष अपिलाचा. मंडळाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यासाठी असलेले चित्रपट अपील न्यायाधिकरण २०२१ साली बरखास्त झाले. आता थेट उच्च न्यायालयात जावे लागते. मोठ्या निर्मात्याला ते परवडेल; दहा मिनिटांच्या चित्रपटासाठी वकील लावणे विद्यार्थ्याला शक्य नाही. म्हणजे हक्क कागदावर राहिला आणि त्याचा वापर पैशावर अवलंबून राहिला. श्याम बेनेगल समितीने २०१६ साली सुचवले होते की मंडळाने वर्गवारी करावी, काटछाट करू नये. २०२३ च्या दुरुस्तीने वयाचे टप्पे दिले, पण कात्री मंडळाच्या हातातच ठेवली. टप्पे वाढले तर कात्रीची गरज कमी व्हावयास हवी होती. कारण सोळा वर्षांसाठी योग्य म्हणून सांगितल्यावर पुन्हा शब्द कापण्याचे प्रयोजन काय उरते?

या मागण्या मान्य होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. तालुक्याच्या ठिकाणी चित्रपट काढू पाहणारे विद्यार्थी, एखादा शिक्षक, कायदा जाणणारा कार्यकर्ता आणि काही पालक यांनी एकत्र बसून पटकथा वाचावी. प्रत्येक प्रसंगापुढे एक प्रश्न लिहावा: हे तेरा वर्षांच्या मुलीला दाखवता येईल का, नसेल तर दृश्यामुळे की सत्यामुळे? दृश्यामुळे असेल तर ते बदलावे. सत्यामुळे असेल तर ते तसेच ठेवावे, आणि चित्रपटानंतर तिच्याशी बोलण्यासाठी कोण थांबणार ते त्याच बैठकीत ठरवावे.